माइक स्टँडची रात्र : जेन काउंटी यांचे प्रकरण

मार्च १९७६ मधील एका रात्री न्यूयॉर्कच्या बाउरी रस्त्यावरील ‘सीबीजीबी’ या बारमध्ये वेन काउंटी (पुढे जेन काउंटी) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कलावंताचा कार्यक्रम चालू होता. भलामोठा विग, भडक रंगभूषा आणि बायकी पोशाख हा त्यांचा नेहमीचा थाट होता. प्रेक्षकांमध्ये ‘डिक्टेटर्स’ या बँडचा गायक हँडसम डिक मॅनिटोबा होता आणि तो समलिंगी माणसांना हिणवण्यासाठी वापरली जाणारी शिवी पुन्हा पुन्हा ओरडत होता. काही वेळाने तो स्टेजवर चढला. काउंटी यांनी हाताशी असलेला माइकचा जड स्टँड उचलला आणि त्याच्या खांद्यावर घातला. त्यात मॅनिटोबाचे हासळीचे हाड मोडले. पुढे काउंटी यांच्यावर मारहाणीचा आरोप ठेवला गेला.

पंक या सत्तरच्या दशकातील बंडखोर रॉक संगीताच्या इतिहासात हा प्रसंग बहुतेक वेळा तोंडी लावण्यापुरता येतो. धमाल दिवस होते, धमाल माणसे होती आणि एका रात्री एकाने दुसऱ्याचे हाड मोडले, इतकेच सांगून लेखक पुढे सरकतात. प्रस्तुत लेखात मात्र तो एक प्रकरण म्हणून तपासला आहे, कारण काउंटी यांच्या आयुष्यातील जवळजवळ सगळे धागे त्या काही मिनिटांत एकत्र येतात. ज्या वर्तुळाने त्यांना कलावंत म्हणून टाळ्या दिल्या, त्याच वर्तुळात त्या स्वतःला सुरक्षित समजू शकत होत्या का, हा या प्रकरणाचा गाभा आहे, आणि त्यांचा प्रभाव एवढा मोठा असूनही नाव एवढे लहान का राहिले, हा प्रश्नही त्याच गाभ्यातून निघतो.

आरंभीच भाषेविषयी एक खुलासा करणे आवश्यक आहे. १९७६ मध्ये त्यांचे नाव वेन होते आणि त्या काळच्या लिखाणात त्यांचा उल्लेख पुरुष म्हणूनच होत असे. १९७९ नंतर त्यांनी जेन हे नाव घेतले. इंग्रजीत लिहिणाऱ्याला एका सर्वनामापुरता निर्णय घ्यावा लागतो. मराठीत मात्र ‘आला’ की ‘आली’, ‘गायला’ की ‘गायली’ हा निर्णय जवळजवळ प्रत्येक वाक्यात घ्यावा लागतो आणि तो लपवताही येत नाही. त्यामुळे येथे बालपणापासून आजपर्यंत त्यांचा उल्लेख स्त्रीलिंगी आदरार्थी ठेवला आहे, आणि ‘वेन’ हे नाव जिथे ते त्या वेळचे रंगमंचीय नाव म्हणून आले तिथेच वापरले आहे.

आधीची वाट

काउंटी यांचा जन्म १३ जुलै १९४७ रोजी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील डॅलस या लहान गावी झाला. टेक्सासमधील प्रसिद्ध डॅलसशी या गावाचा संबंध नाही. जन्मनाव वेन रॉजर्स. देवभोळ्या, ग्रामीण दक्षिणेतले ते वातावरण होते आणि मुलाने मुलीसारखे वागणे हा तिथे थट्टेपुरता विषय राहत नसे. तरुणपणी त्या जवळच्या अटलांटा शहरात आल्या, तिथल्या ड्रॅगच्या, म्हणजे भडक स्त्रीवेष करून वावरणाऱ्या व कला सादर करणाऱ्यांच्या, वर्तुळात मिसळल्या आणि १९६८ च्या सुमारास न्यूयॉर्कला पोहोचल्या. भर रस्त्यात होणारी हेटाळणी आणि पाठीमागे लागणारी टोळकी यांचा अनुभव त्यांच्या गाठीशी तिथे पोहोचण्यापूर्वीच जमा झाला होता, ही बाब माइक स्टँडच्या रात्रीचा विचार करताना विसरता येत नाही.

न्यूयॉर्क शहरही तेव्हा अशा माणसांसाठी मोकळे नव्हते. बायकी पोशाखातील पुरुषांना पकडण्यासाठी पोलीस १८४५ चा एक कायदा वापरत. त्या कायद्याची जन्मकथा मोठी विचित्र आहे. न्यूयॉर्क राज्यातील कुळांनी जमीनदारांच्या खंडवसुलीविरुद्ध उठाव केला, तेव्हा ओळख लपवण्यासाठी ते तोंडे झाकून आणि छिटाचे झगे घालून वसुली अधिकाऱ्यांवर चालून जात, म्हणून वेषांतर करून जमण्यावर बंदी घालण्यात आली. शेतकऱ्यांचे बंड शमले, कायदा मात्र पुस्तकात राहिला आणि शंभरावर वर्षांनी तो बारमध्ये झगा घालून बसलेल्या माणसाच्या मानेवर आला. २८ जून १९६९ च्या पहाटे ख्रिस्तोफर स्ट्रीटवरील ‘स्टोनवॉल इन’ या बारवर पोलिसांनी धाड घातली आणि लोक प्रथमच मोठ्या संख्येने उलटून उभे राहिले. त्या दंगलीच्या दिवसांत काउंटी रस्त्यावर होत्या.

छायाचित्रकार ली ब्लॅक चाइल्डर्स यांच्याबरोबर त्या एका घरात राहत आणि जॅकी कर्टिस व हॉली वुडलॉन हे प्रसिद्ध चित्रकार अँडी वॉरहॉल यांच्या गोतावळ्यातील दोन कलावंतही त्याच घरात मुक्कामाला असत. कर्टिस नाटके लिहीत. त्यांच्या एका नाटकात काउंटी यांना पहिली भूमिका मिळाली आणि त्याच नाटकात पॅटी स्मिथ ही अजून कोणालाही फारशी माहीत नसलेली तरुण कवयित्रीही होती. डेट्रॉइटच्या कर्कश रॉक बँडांवर काउंटी यांचे प्रेम होते, त्यामुळे रंगमंचासाठी नाव निवडताना त्यांनी डेट्रॉइट ज्या जिल्ह्यात मोडते त्या जिल्ह्याचेच (इंग्रजीत ‘काउंटी’) नाव उचलले. अशा रीतीने वेन रॉजर्सची वेन काउंटी झाली.

पुढे वॉरहॉल यांच्या दूरध्वनी संभाषणांच्या ध्वनिफितींवर आधारलेल्या ‘पोर्क’ या नाटकात त्यांना काम मिळाले. १९७१ च्या मे महिन्यात हे नाटक न्यूयॉर्कच्या ‘ला मामा’ रंगमंचावर झाले आणि ऑगस्टमध्ये लंडनच्या ‘राउंडहाउस’मध्ये गेले. लंडनच्या वर्तमानपत्रांनी अश्लीलतेची हाकाटी केली. प्रयोग पाहायला आलेल्यांत एक उमेदवार गायक होता, डेव्हिड बोवी. नाटकातील व नाटकामागील चमू त्याला इतका आवडला, की त्याचा व्यवस्थापक टोनी डिफ्रीस याच्या ‘मेनमॅन’ या कंपनीत चाइल्डर्स, टोनी झानेट्टा आणि चेरी व्हॅनिला यांना नोकऱ्या मिळाल्या. काउंटी यांनाही मेनमॅनने करारात बांधले.

करार होता, रेकॉर्ड नव्हती

१९७२ मध्ये काउंटी यांनी ‘क्वीन एलिझाबेथ’ नावाचा बँड काढला. त्यांचे कार्यक्रम गाणे आणि फार्स यांची बेमालूम भेसळ असत. स्टेजवर शौचालयाचे भांडे ठेवलेले असे आणि काउंटी त्यातून कुत्र्यांसाठी मिळणारे डबाबंद अन्न काढून खात. हे वर्णन वाचून नाक मुरडणाऱ्यांना मुळात नाक मुरडायला लावणे हाच त्या प्रयोगाचा हेतू होता. ‘ही घाणच आहे’ असे ज्यांच्याविषयी आयुष्यभर बोलले जाते, त्यांनी ती घाण थाळीत वाढून आणली, असा त्याचा अर्थ मी लावतो. या बँडचा ड्रमवादक जेरी नोलन होता. नोव्हेंबर १९७२ मध्ये ‘न्यूयॉर्क डॉल्स’ या रॉक बँडचा ड्रमवादक बिली मर्सिया लंडनमध्ये मरण पावल्यावर नोलन त्या बँडमध्ये गेला आणि डॉल्सच्या पहिल्या दोन्ही अल्बमांवर त्याचेच वादन आहे.

डॉल्सना रेकॉर्ड मिळाली, बोवीला जगभर कीर्ती मिळाली. काउंटी यांच्या वाट्याला मेनमॅनकडून १९७४ मधील एक खर्चिक रंगमंचीय कार्यक्रम आला, ज्याचे चित्रीकरणही झाले, परंतु रेकॉर्ड एकही निघाली नाही. पगार चालू होता, कपडे होते, गाड्या होत्या, आणि बाजारात काहीही नव्हते. आपल्या ‘क्वीनेज बेबी’ या गाण्याच्या कल्पनेवर बोवीने आपले ‘रेबेल रेबेल’ उभे केले, असा काउंटी यांचा दावा आहे आणि तो त्यांनी अनेकदा केला आहे. तो सिद्ध करता येत नाही आणि माझ्या मते त्यावर फार शाईही खर्चू नये. गाण्यांच्या जगात कल्पना हवेतून फिरतात. मेनमॅनने रेकॉर्ड काढली असती तर वाचकाला दोन्ही गाणी शेजारी ठेवून स्वतःच निवाडा करता आला असता. ती न निघाल्यामुळे एका बाजूला छापील, तारीखवार, जगभर विकला गेलेला पुरावा उरला आणि दुसऱ्या बाजूला फक्त तक्रार. नुकसान झाले ते इथे.

याच काळातील आणखी एक तपशील नोंदवण्याजोगा आहे. रॉक गायक लू रीड यांच्या १९७२ मधील प्रसिद्ध गाण्यात वॉरहॉलच्या गोतावळ्यातील माणसांना एकेक कडवे मिळाले. काउंटी यांच्या घरात राहणारे हॉली आणि जॅकी हे दोघेही त्यात आहेत, काउंटी नाहीत.

१९७४ मध्ये त्यांनी नवा बँड काढला आणि त्याचे नाव ‘बॅकस्ट्रीट बॉइज’ ठेवले. नव्वदच्या दशकात मुलींच्या खोल्यांच्या भिंतींवर ज्यांची पोस्टरे लागली त्या पाच गोंडस तरुणांशी या बँडचा काडीचाही संबंध नाही, हे सांगून टाकलेले बरे. ‘मॅक्सेस कॅन्सस सिटी’ या पार्क अव्हेन्यू साउथवरील हॉटेलात त्या डीजे म्हणून रेकॉर्ड लावत आणि माडीवरच्या दालनात गातही. तिथे बँडांना तारखा देण्याचे काम पीटर क्राउली यांच्याकडे होते आणि काउंटी यांचे व्यवस्थापनही तेच पाहत. थोडक्यात, मॅक्सेस हे काउंटी यांचे माहेर होते आणि सीबीजीबी ही दुसऱ्यांची जागा. दोन्ही ठिकाणी जाणारे प्रेक्षक बरेचसे तेच असले, तरी चढाओढ होती.

ती रात्र, जवळून

सीबीजीबीची जागा लांबट आणि अरुंद होती. दारातून शिरल्यावर बार, मग टेबले, आणि थेट आतल्या टोकाला एक बुटके स्टेज. स्टेज आणि प्रेक्षक यांच्यामध्ये कठडा नव्हता, रक्षकांची रांगही नव्हती. शौचालयाकडे जायचे झाले तर स्टेजच्या कडेनेच जावे लागे. वास्तूची ही रचना या प्रकरणात महत्त्वाची ठरते, कारण मॅनिटोबाचे म्हणणे असे की, तो शौचालयाकडे निघाला होता, हातात बिअर होती, वाटेत तो स्टेजवर चढला, आणि शेरेबाजी हा सीबीजीबीत सर्रास चालणारा खेळ होता. काउंटी यांचे म्हणणे असे की, आधी बराच वेळ शिव्या देणारा, दांडगट बांध्याचा, प्यालेला माणूस अंगावर येताना दिसला आणि तो काय करणार याची वाट पाहत थांबण्याची त्यांची तयारी नव्हती. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, त्या पिढीच्या मुलाखतींवर आधारलेल्या मौखिक इतिहासात दोन्ही बाजू लागोपाठ वाचायला मिळतात.

मॅनिटोबा खोटे बोलतो, असे मानण्याची मला गरज वाटत नाही. कुस्तीच्या आखाड्यातील आडदांड नायकाचे सोंग हा त्याच्या बँडच्या विनोदाचा भाग होता आणि त्याच्या दृष्टीने ती रात्रही कदाचित सोंगाचाच विस्तार असेल. एक पात्र दुसऱ्या पात्राला डिवचत आहे, एवढेच त्याला दिसत असेल. अडचण अशी, की समोरची बाजू सोंग नव्हती. प्रयोग संपल्यावर मॅनिटोबा सोंग उतरवून ब्रॉन्क्समधल्या घरी जाऊ शकत होता. काउंटी विग उतरवूनही काउंटीच राहत होत्या आणि तीच शिवी, त्याच सुरात, त्यांनी याआधी रस्त्यावर मार पडण्याच्या क्षणभर आधी ऐकलेली होती. शब्द एकच, एकासाठी तो नाटकातील संवाद होता, दुसरीसाठी धोक्याची घंटा.

मराठी वाचकाला येथे बालगंधर्वांची आठवण येणे स्वाभाविक आहे. त्यांच्या शालू नेसण्याच्या ढबीची नक्कल घराघरांतील स्त्रिया करीत, आणि तरीही नारायणराव राजहंस पुरुष म्हणून समाजात वावरले व मान पावले, कारण स्त्रीरूप भूमिकेच्या चौकटीत राहिले होते. काउंटी यांनी नेमकी ती चौकट ओलांडली. स्त्रीवेषातील पुरुषाचा विनोद पाहायला आलेल्या प्रेक्षकांसमोर हळूहळू असे स्पष्ट होत गेले, की हा विनोद नाही आणि हा पुरुषही नाही. सत्तरच्या दशकात त्यांनी संप्रेरकांचे उपचार सुरू केले होते. बोवीने १९७२ मध्ये मुलाखतीत स्वतःला समलिंगी म्हणवून घेतले आणि त्याची कारकीर्द वर गेली. पण त्याच्याकडे पत्नी होती, मूल होते आणि परतीची वाट होती. ज्याला परतता येते त्याचे धाडस बाजाराला परवडते.

तो काळही ध्यानात घ्यावा लागेल. डिसेंबर १९७३ मध्ये अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलिंगी आकर्षणाला आजारांच्या यादीतून काढले. मात्र त्याच वर्षी जूनमध्ये, स्टोनवॉलच्या स्मरणार्थ न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअरमध्ये भरलेल्या सभेत सिल्व्हिया रिव्हेरा या पारलिंगी (ट्रान्सजेंडर) कार्यकर्तीची समलिंगी प्रेक्षकांनीच हुर्यो उडवली होती. ज्यांच्यासाठी लढा दिला त्यांच्याच व्यासपीठावर ही अवस्था होती. आणि १९७६ मध्येच, माइक स्टँडच्या घटनेनंतर काही महिन्यांनी, रेनी रिचर्ड्स या पारलिंगी टेनिसपटूला अमेरिकन खुल्या स्पर्धेत स्त्री म्हणून खेळू देण्याआधी गुणसूत्र चाचणीची अट घातली गेली. पुढच्या वर्षी न्यायालयात जाऊन त्यांनी तो हक्क मिळवला. अशा वर्षी दुसऱ्याचे हाड मोडलेल्या पारलिंगी व्यक्तीने न्यायालयात स्वसंरक्षणाचा बचाव मांडायचा, हे किती कठीण होते याची कल्पना यावरून यावी.

नंतर काय झाले

न्यूयॉर्कचे इवलेसे पंक जग दोन तटांत विभागले गेले. त्याच वर्षी जानेवारीत सुरू झालेल्या ‘पंक’ या नियतकालिकाच्या मंडळींची सहानुभूती डिक्टेटर्सकडे होती. त्यांच्या विनोदाची जात एकच होती. मॅक्सेसच्या मंडळींनी काउंटी यांची बाजू घेतली आणि खटल्याच्या खर्चासाठी तिथे मदतीचा कार्यक्रम झाला. अनेक वादकांना प्रथमच उघडपणे ठरवावे लागले की आपण कोणाबरोबर आहोत. शेवटी आरोप मागे घेतले गेले आणि प्रकरण न्यायालयात निकालापर्यंत गेलेच नाही.

या दुफळीचे एक फलित असे की, त्या वर्तुळात न बोलता चालत आलेली गोष्ट बोलली गेली. ओठांना रंग लावलेले, बायकांचे बूट घातलेले, पण समलिंगी नसलेले पुरुष डॉल्सच्या काळापासून स्टेजवर वावरत होते आणि तो त्यांचा रुबाब समजला जात होता. पण ज्या व्यक्तीकडून ती सगळी भाषा उचललेली होती तिच्यावर कोणी चालून आले तर ती भाषा उपयोगी पडत नाही, हे त्या रात्री दिसले. मदतीला आलेल्यांना याचे श्रेय द्यायला हवे. तसे करणे सोपे नव्हते. दुसऱ्या बाजूला, त्या कार्यक्रमानंतरही कोणत्याही मोठ्या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीने काउंटी यांना बोलावले नाही. पुढच्या एक-दोन वर्षांत रमोन्स, पॅटी स्मिथ, ब्लाँडी, टॉकिंग हेड्स आणि डिक्टेटर्स या सगळ्यांच्या रेकॉर्ड दुकानांत होत्या.

१९७७ मध्ये काउंटी लंडनला गेल्या. तिथे पंकची लाट नुकतीच उसळली होती आणि न्यूयॉर्कहून आलेल्या माणसाला भाव होता. ‘इलेक्ट्रिक चेअर्स’ हा त्यांचा तिथला बँड. ‘पोलिस’ या बँडचा मूळ गिटारवादक हेन्री पाडोवानी तिथून बाहेर पडल्यावर यांच्याकडे आला. पहिली छोटी रेकॉर्ड ‘इलीगल’ या कंपनीने काढली आणि पुढच्या ‘सफारी’ने. वयाच्या तिशीत, स्टेजवर पाऊल ठेवून अनेक वर्षे झाल्यावर, त्यांच्या स्वतःच्या बँडच्या रेकॉर्ड नियमितपणे निघू लागल्या. त्यांचे सर्वांत गाजलेले गाणे असे, की त्याचे शीर्षकच शिवी असल्याने ते रेडिओवर लागणे अशक्य होते; हा व्यवहार म्हणून मूर्खपणा आणि स्वभाव म्हणून अगदी सुसंगत. १९७७ च्या ऑगस्टमध्ये रेडिंगच्या संगीत महोत्सवात हार्ड रॉकच्या चाहत्यांनी त्यांच्यावर चिखल आणि डबे फेकले. सीबीजीबीतला एक मॅनिटोबा तिथे मैदानभर पसरला होता आणि इतक्या लोकांना पुरेल एवढा माइक स्टँड नसतो.

१९७८ मध्ये तीन गोष्टी झाल्या. डेरेक जारमन यांच्या ‘ज्युबिली’ या चित्रपटात त्या ‘पॅरानोया पॅराडाइज’ हे स्वतःचे गाणे गाताना दिसल्या. बँडचे दोन अल्बम आले. आणि त्यांपैकी दुसऱ्यावर ‘मॅन इनफ टू बी अ वुमन’ हे गाणे होते. स्त्री होण्याइतका पुरुषार्थ आपल्यात आहे, असा त्या शीर्षकाचा सूर आहे. ‘पुरुषार्थ’ हा शब्द मराठीत जेवढा वजनदार आहे तेवढेच ते शीर्षक खोचक आहे, कारण ज्या गुणाचा पुरुषांनी मक्ता घेतला आहे तोच गुण पुरुषपण सोडण्यासाठी लागतो, असे ते म्हणते. बर्फाच्या गोळ्यात दगड ठेवावा तशी ही ओळ आहे. पुढच्या वर्षीच्या अल्बमच्या ध्वनिमुद्रणाची जबाबदारी डेव्हिड कनिंगहॅम यांच्याकडे होती आणि त्यावरील ध्वनिप्रयोग ऐकले, तर काउंटी म्हणजे केवळ आरडाओरडा ही समजूत दूर होते.

त्यानंतर बर्लिन. पश्चिम बर्लिनमध्ये त्यांनी जेन हे नाव धारण केले. १९८० मध्ये आलेली थेट कार्यक्रमाची रेकॉर्ड या नावाने आहे. रोझा फॉन प्राउनहाइम यांच्या १९८३ मधील ‘सिटी ऑफ लॉस्ट सोल्स’ या चित्रपटात अँजी स्टारडस्ट यांच्यासह बर्लिनमध्ये येऊन राहिलेल्या अमेरिकन पारलिंगी कलावंतांचे जग आहे आणि काउंटी त्यात आहेत. शस्त्रक्रियेच्या टोकापर्यंत जायचे नाही आणि दोन काठांच्या मधल्या प्रवाहातच राहायचे, हा निर्णय त्यांनी पुढे घेतला व तो मोकळेपणाने सांगितला. डॉक्टरांनी आखलेल्या ‘पूर्ण’ संक्रमणाच्या मार्गापेक्षा वेगळे असे हे म्हणणे आज अनेकांना ओळखीचे वाटेल. तेव्हा ते दोन्ही बाजूंना खटकत असे.

प्रभाव कसा मोजावा

रॉक संगीतातील पहिली उघडपणे पारलिंगी गायिका, असे काउंटी यांचे वर्णन सामान्यतः केले जाते. यातील ‘पहिली’ हा शब्द जपून वापरावा. त्यांच्याआधी टोरंटोमध्ये जॅकी शेन साठच्या दशकात सोल संगीत गात होत्या आणि वेंडी कार्लोस यांनी १९६८ मध्ये सिंथेसायझरवर बाखच्या रचना वाजवून संगीताचा कानच बदलला. कार्लोस यांनी आपली ओळख जाहीर केली ती मात्र १९७९ मध्ये. काउंटी यांचे वेगळेपण असे, की त्यांनी ओळख आणि संगीत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत. गाण्याचा विषय, आवाज, विनोद आणि राग सगळे तिथूनच येत होते.

प्रभावाच्या शोधात लेखक बोवीकडे धावतात, कारण तो उजेडात आहे. माझ्या मते अधिक भक्कम पुरावा अंधाऱ्या कोपऱ्यात आहे: त्यांच्या बँडमधून डॉल्समध्ये गेलेला ड्रमवादक, मॅक्सेसच्या डीजेच्या टेबलावरून त्यांनी शहराच्या कानावर घातलेल्या रेकॉर्ड, आणि घृणेला विनोदाने उलटवण्याची ती पद्धत, जी पुढे लंडनच्या पंकमध्ये सर्वांची झाली. २०१२ मध्ये ‘अगेन्स्ट मी!’ या अमेरिकन पंक बँडच्या लॉरा जेन ग्रेस यांनी आपण पारलिंगी असल्याचे जाहीर केले आणि २०१४ मध्ये त्याच विषयावर अख्खा अल्बम काढला, तेव्हा बँड मोडला नाही, चाहते पांगले नाहीत आणि वृत्तपत्रांनी नवे नाव सरळ छापले. मधल्या छत्तीस-अडतीस वर्षांत कोणाकोणाच्या हाडांची किंमत दिली गेली, याच्या यादीत काउंटी यांचे नाव वर लागते, आणि विशेष म्हणजे त्यांच्या बाबतीत मोडलेले हाड त्यांचे नव्हते.

२०१४ मध्येच त्यांच्याविषयी आणखी एक वाद झाला आणि तो सोयीस्करपणे वगळला जातो. पारलिंगी स्त्रियांना हिणवण्यासाठी वापरला जाणारा एक शब्द त्यांनी फेसबुकवर स्वतःच्या लोकांविषयी, लाडाने वापरला आणि त्यांचे खाते काही काळ रोखले गेले. तरुण कार्यकर्त्यांचे म्हणणे होते की, हा शब्द आमच्यावर हल्ला करताना वापरला जातो. काउंटी यांचे म्हणणे असे होते की, तो आपण पन्नास वर्षे अंगावर झेलून आपला करून घेतला आहे. सीबीजीबीच्या रात्रीशी हे ताडून पाहावे. शिवी कोण देतो, कुठून देतो आणि नंतर कोणाच्या घरी जातो, यावर तिचा अर्थ ठरतो, हे त्यांनी तेव्हा माइक स्टँडने सांगितले होते. तरीही या वादात तरुणांची बाजू मला अगदीच चुकीची वाटत नाही. ज्याला अजून घाव ताजा आहे त्याला दुसऱ्याच्या बऱ्या झालेल्या जखमेचा आधार पुरत नाही.

त्यांचे आत्मचरित्र १९९५ मध्ये आले आणि २०२१ मध्ये पुन्हा छापले गेले. त्या जॉर्जियाला परतल्या आणि चित्रे काढू लागल्या. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट ह्यूस्टन स्ट्रीटवरील ‘पार्टिसिपंट’ या कलादालनात त्यांच्या चित्रांचे आणि जुन्या साहित्याचे प्रदर्शन भरले; त्याला नाव दिले होते ‘पॅरानोया पॅराडाइज’. सीबीजीबी २००६ मध्येच बंद पडले होते. त्याचा पत्ता, ३१५ बाउरी, त्या दालनापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे.

१९७६ मध्ये, खटल्याचे सावट असतानाच, मॅक्सेसमध्ये गाणाऱ्या बँडांचा एक संग्रह रेकॉर्डवर निघाला होता. त्याचे पहिले गाणे काउंटी यांचे आहे, हॉटेलच्याच नावाचे. त्यात त्या प्रेक्षकांशी बोलावे तसे बोलत, मॅक्सेसमध्ये गाजून गेलेल्या आणि गाजू लागलेल्या गायक-वादकांची नावे एकामागून एक घेत जातात, गावच्या जत्रेत मानकऱ्यांची नावे पुकारावीत तशी.